मालक घरातच राहतात

साताऱ्यातलं आमचं घर कासच्या रस्त्याला आहे. फौजेतून सुभेदार होऊन परतल्यावर यांनी वरच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, लोकांच्या चादरी कोण धुणार? तर म्हणाले, "मी हाय की." आणि खरंच धुतल्या. घड्या अशा घालायचे की पट्टी लावून बघावं.

परवान्याला एक अट होती. मालकाने त्याच घरात राहिलं पाहिजे, नाहीतर परवाना रद्द. बाकीच्या अटी यांनी कुरकुरत पाळल्या, ही मात्र त्यांना फार आवडली. पाहुण्यांना पहिल्याच चहाला सांगायचे, "हितं मालक घरातच ऱ्हातो. दंगा चालायचा न्हाई."

एका सकाळी दाढी करता करता ते गेले. तेरावं झालं, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी पुण्याचं एक कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं. खोली आधीच ठरलेली होती, कळवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. त्यांनी विचारलं, "काका दिसत नाहीत?" मी म्हटलं, "गावाला गेलेत." खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण पोटात जायचं, चव लागायची नाही.

मग सगळ्यांनाच तेच सांगत गेले. हॉलमधल्या फोटोवरचा चंदनाचा हार काढून कपाटात ठेवला. कासची फुलं बघायला आलेल्या माणसांना सकाळी सकाळी हार कशाला दाखवायचा? यांचा मोबाईलही चार्ज करून स्वयंपाकघरात ठेवायची, कारण खोल्यांचे फोन त्याच नंबरवर यायचे.

मुलगी सांगलीला असते. तिच्या सोसायटीतले काही फ्लॅट मिरजेच्या दवाखान्यांत पेशंट घेऊन येणाऱ्यांना दिवसावर देतात. तिथे मालक राहतो की नाही याचं कुणाला काही नाही. येणारा कोण, कुणाकडे आला, किती दिवस राहणार, हे मात्र गेटवरच्या वहीत लिहावं लागतं. मलाही दर वेळी लिहायला लावायचे. मी चिडले की वॉचमन म्हणायचा, "आवं आजी, नियम हाय, मी काय करू?" मुलीच्या हॉलमध्ये यांचा तोच फोटो आहे, हारासकट. म्हणजे सांगलीत हे वारलेले आणि साताऱ्यात गावाला गेलेले. मी चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे.

मुलगी म्हणायची, "आई, परवान्यावर तुझं नाव लावून घे." मी म्हणायची, लावते. असं सव्वा वर्ष गेलं.

मग एक दिवस परवाना तपासायला ऑफिसातून माणूस आला. फलटणकडचा, घामेजलेला, काखेत फाईल. खोल्या बघितल्या, संडास बघितला आणि म्हणाला, "मालक कुठं हायत?"

"भाईर गेल्यात. येतील."

"मग बसतो की. सही त्यांचीच लागती."

आणि बसला. मी चहा दिला. तासाभराने दुसरा दिला. असून अडचण, नसून खोळंबा, असं मी यांना निवृत्तीनंतर रोज म्हणायची, कारण स्वयंपाकात लुडबुड फार. त्या दिवशी तेच मनात आलं आणि हसूही आलं नाही. तो फोटोकडे बघत म्हणाला, "साहेब कडक दिसत्यात." मी म्हटलं, "व्हय, लय."

तिसरा चहा पुढ्यात ठेवला तेव्हा तो म्हणाला, "काकी, एक फोन तरी लावा त्यांना."

मी लावला. का लावला, आजही सांगता येत नाही. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी रिंग वाजायला लागली.

"फोन घरीच इसरल्यात वाटतं," तो म्हणाला.

रिंग वाजून वाजून थांबली. मी म्हटलं, "न्हाई. ते वारल्यात. सव्वा वरीस झालं."

हे वाक्य माझ्या तोंडून या घरात पहिल्यांदाच निघालं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने फोटोकडे पुन्हा एकदा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आवं काकी, मग नाव बदलायचा अर्ज द्यायचा की. तुमी ऱ्हाताच हितं. परवान्याला काय धक्का न्हाई." इतकं सोपं होतं.

त्याने फाईलमधून कोरा अर्ज काढला. वर यांचा जुना अर्ज लावलेला होता, त्यांच्या ठसठशीत अक्षरातला. एका रकान्यात विचारलं होतं, घरात कायम राहणाऱ्या व्यक्ती किती. यांनी लिहिलं होतं, दोन. मी नव्या कागदावर माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि त्या रकान्यापाशी थांबले. तो म्हणाला, "तेवढं भरा, म्हंजे झालं."

मी 'एक' लिहिलं. आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. तो परका माणूस खिडकीकडे तोंड करून बसला आणि गार झालेला तिसरा चहा त्याने सगळा पिऊन टाकला.