प्रगत गणिताचा वर्ग

गणिताच्या बाई आयुष्यात कधी नापास झाल्या नव्हत्या, आणि शिकवताना हीच त्यांची मोठी पंचाईत होती. वेळापत्रकावरून त्यांचं प्राचार्यांशी एकदा चांगलंच वाजलं, आणि पुढच्या सत्रात ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ त्यांच्या गळ्यात पडला. शाळेतून काठावर सुटून कॉलेजात आलेली पहिल्या वर्षाची मुलं. खोली जिन्याखालची, वरचे वर्ग सुटले की फळा थरथरायचा.

बाई जीव तोडून शिकवायच्या. प्रत्येक गणित संपलं की म्हणायच्या, “सोपं आहे हे.” मुलं माना डोलवायची. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं धीर करून विचारलं, “बाई, संख्या त्या बाजूला गेली की चिन्ह का बदलतं?”

“हे काय विचारायचं असतं?” बाई म्हणाल्या. रागानं नव्हे, नवलानं.

हळूहळू वर्ग निम्मा झाला. बाईंनी निदान केलं : यांना शिकायचंच नाही.

त्याच सुमारास त्यांनी गाडी शिकायला घेतली. शिकवणारा नवरा. भर चौकात गाडी आचके देऊन बंद पडली. मागून हॉर्नचा गदारोळ.

“अगं, सोपं आहे. क्लच हळू सोड.”

“अहो, पण हळू म्हणजे किती हळू?”

“हे काय विचारायचं असतं?”

गाडी पुन्हा बंद पडली. बाई दार उघडून खाली उतरल्या आणि तरातरा चालत घरी आल्या. सासूबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिताना बाईंना ठसकाच लागला. नवऱ्याचं वाक्य आपण आधी कुठं ऐकलंय, ते त्यांना आत्ता आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी चौकातली फजिती साग्रसंगीत सांगितली. मुलं आधी दबून, मग मनमोकळं हसली.

“आता तुम्ही सांगा,” बाई म्हणाल्या. “तुमची गाडी कुठं बंद पडते?”

मागच्या बाकावरची तीच मुलगी म्हणाली, “अपूर्णांकात. सातवीपासून.”

“माझीपण,” कुणीतरी पुटपुटलं. मग हातच हात.

कॉलेजात अपूर्णांक सुरू झाले. स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर म्हणाले, “पुढच्या वर्षी बाराखडी घेणार का?” बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वर्गात मात्र त्यांनी मुलांना विचारलं, “अडलं की स्टाफरूममध्ये का येत नाही रे?” मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तिथं फक्त ओरडा खायला जायचं असतं, अशीच त्यांची समजूत होती. तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत बाई स्टाफरूम सोडून वर्गातच डबा खाऊ लागल्या. मुलं आपापले डबे आणि अडलेली गणितं घेऊन यायची.

वार्षिक परीक्षेत दोघंतिघं सोडून सगळी पास झाली. प्राचार्यांनी रीतसर समिती नेमली. समितीनं विचारपूर्वक ठरवलं, की ज्याअर्थी मुलं पास झाली, त्याअर्थी ती कच्ची नव्हतीच. सबब वर्ग बंद करावा.

“सर, मग दवाखान्यातून बरा होऊन घरी गेलेला माणूस आजारीच नव्हता म्हणायचं?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही फार भावनेच्या आहारी जाता,” प्राचार्य म्हणाले.

बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या सत्रासाठी त्यांनी ‘प्रगत गणित : विशेष वर्ग’ असा नवा प्रस्ताव दिला. अभ्यासक्रम तोच, अपूर्णांकांपासून. प्राचार्यांनी तो न वाचता मंजूर केला आणि वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली दिली. पालकांचे फोन यायला लागले. वशिले लागले. इतिहासाच्या सरांनी आपल्या मुलीसाठी शब्द टाकला. प्राचार्यांनी स्वतःच्या भाच्याला आणून बसवलं. “शाळेत पहिला असायचा,” ते म्हणाले.

भाचा पुढच्या बाकावर ताठ बसायचा आणि चकार शब्द काढायचा नाही. एकदा तास सुटल्यावर तो मागं घुटमळला.

“बाई, एक विचारू? मामांना नका सांगू.”

“विचार.”

“छेद समान का करायचा? म्हणजे, करता येतो मला. पण का, ते नाही कळत.”

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, दार लोटून घेतलं आणि खडू उचलला.