नवऱ्याच्या खुर्चीत

एकोणीसशे तीसच्या सुमाराला मी सोलापुरात एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. गिरण्यांच्या वस्तीला लागून बायकांचा एक दवाखाना होता. तिथे सुईणींचा वर्ग चाले. त्याची चार ओळींची बातमी करायला संपादकांनी मला पाठवले. मी पोहोचताच डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवले.

"लिहिणं मागाहून. आधी नवरा व्हा. आमचा कंपाउंडर आज रजेवर आहे."

बाळंतपणात बाई दगावली तर तिच्या नवऱ्याला ते कसे सांगायचे, याची डॉक्टरीणबाई तालीम घेत. गावची रीत वेगळी होती. "जास्त आहे, घरची माणसं घेऊन या," एवढेच सांगत. उरलेले ज्याचे त्याने वाटेत ओळखायचे. बाईंना हे मान्य नव्हते. 'वारली' हा शब्द तोंडातून आलाच पाहिजे. ज्या मुलीला तो उच्चारता येणार नाही, तिला सर्टिफिकिट नाही.

काही मुलींनी तो उच्चारला. मग माढ्याकडची एक मुलगी पुढे आली. लहानपणीच विधवा झालेली. सर्टिफिकिट मिळाले नाही, तर सासरच्या चुलीपुढे परत जायचे, हे ठरलेले होते.

"तुमची मंडळी..." ती म्हणाली आणि थांबली.

"पुढं?" बाई म्हणाल्या.

"न्हाय जमत."

"अगं, नाव घ्यायला न्हाय सांगितलं, लाजतीस काय!" मागून कुणीतरी म्हणाले. मुली हसल्या. बाईंनी पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा तेच झाले.

"इथं अडतेस, मग वॉर्डात काय करशील? मी तुला पास करू शकत नाही."

तेव्हा ती बोलली. "बाई, ह्या सायबांची बायको गेल्या म्हैन्यात हितंच बाळंत झाली. मीच तिला न्हाऊ घातलं. जित्या सवाष्णीला, त्यात माझ्यासारखीच्या तोंडानं, मेली कसं म्हणू?"

हसू थांबले. माझी काही हरकत नाही, माझ्या बायकोचीही नसेल, असे मी म्हणालो.

"तुमची नसंल. माझी हाय की."

दाराशी पहारेकरी बसलेला होता. तो उठून आत आला.

"सायबाला उठवा. मी आयता रंडका हाय. मला सांग, पोरी. माझी गेलीच हाय, तुला कसला दोष?"

बाईंनी मला उठायची खूण केली. मी उठलो. तो खुर्चीच्या कडेला टेकला. मुलगी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. आधीच्या सगळ्या उभ्यानेच बोलल्या होत्या.

"मामा, तुमची मालकीण वारली. रगत थांबलं न्हाय. आमी लई केलं."

धड्यात एवढेच होते. यावर कंपाउंडर रडल्याचे सोंग करी आणि तालीम संपे. पहारेकरी रडला नाही.

"लई तरास झाला का तिला?"

त्याची बायको याच दवाखान्यात वारली होती, हे मला नंतर कळले. तेव्हा तो गिरणीत होता. त्यालाही "माणसं घेऊन या" असाच निरोप गेला होता. माणसे घेऊन तो आला, तेव्हा तिच्यावर चादर ओढलेली होती. पुढे तो याच दाराशी नोकरीला लागला, पण त्याने कुणाला काही विचारले नव्हते.

मुलीने त्याच्याकडे पाहिले. "मला ठावं न्हाय, मामा. मी तवा हितं नव्हते. बाई हुत्या."

बाईंनी स्टूल ओढून त्याच्याजवळ घेतले.

"झाला," त्या म्हणाल्या. "खूप झाला. शेवटी शुद्ध नव्हती, तेव्हा नाही."

"मला वाटलंच हुतं," तो म्हणाला. मग फाटकाशी टांगा आला, म्हणून उठून गेला.

"उद्यापासून वॉर्डात ये," बाईंनी मुलीला सांगितले. मुली बाहेर पडल्या. बाई मात्र बराच वेळ त्या स्टुलावरून उठल्या नाहीत.