मृगातला तेजोमेघ आणि नानांचा हट्ट

नानांची आणि माझी ओळख त्यांच्या दारात झाली. माझे यजमान जाऊन वर्ष झाले होते. सातवी शिकलेली मी, दिवस सरावा म्हणून वाचनालयातली पुस्तके आणून वाचत असे. त्यात मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाबद्दल वाचले आणि आपल्या धुळ्यातून त्याचा फोटो निघेल का, हे विचारायला गेले. वर्कशॉपातून निवृत्त झालेले हे फिटर घराच्या धाब्यावर स्वतः जोडलेली दुर्बीण लावतात, एवढेच मला ठाऊक होते.

"निघेल," नाना म्हणाले. "आधी जिना चढा."

अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे शंभरेक फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे, हे त्यांनी मला न कंटाळता शिकवले. एकदा मी दुर्बिणीचे झाकण काढायलाच विसरले. तासभर नुसता काळोख टिपला. मला रडू आले. नाना म्हणाले की असे झाकणबंद फोटो मुद्दाम घ्यावेच लागतात. कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके त्यावरून वजा करता येतात. तुम्ही शेवटचे काम आधी उरकलेत, इतकेच.

"नवरा गेला आणि हिला तारे सुचले," असे गल्लीत बोलले जाई. नानांच्या पत्नी इंदूअक्का आमच्याजवळ शेंगा फोडत बसत. एकदा त्यांनी असे बोलणारीला वरूनच हाक मारली, "ये वर, शेंगा पुष्कळ आहेत." ती आली नाही.

माणूस मेला की तारा होतो, असे मला पुष्कळांनी सांगितले. तो होत नाही. नानांनी ते कधीच सांगितले नाही, म्हणून मी त्यांच्याकडे टिकले.

आता फोटोंच्या प्रदर्शनाची हकीकत. ती गाळावी, असे नानांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या संपादक मंडळाने सुचवले होते. मी गाळत नाही. गेल्या हिवाळ्यात मी टिपलेला तेजोमेघ नानांच्या बावीस फोटोंबरोबर मांडला गेला, पण खाली नाव नानांचे. बाईंना कोण ओळखते, असे संयोजकांचे म्हणणे. मी पुढच्या फोटोकडे वळले. तशी सवय लागलेली असते. नानांनी फोटो भिंतीकडे उलटा केला आणि त्यापुढे खुर्ची टाकून बसले.

"हाऊ फोटो मना नही, ताईना शे," ते म्हणाले. "नाव बदला, नाहीतर माझेही सगळे उतरवा."

दुपारपर्यंत नवी पट्टी आली. "नाना, शेवटी शिष्येपुढे वाकलात," एका संयोजकांनी टोमणा मारला.

"दुर्बिणीपुढे तर रोजच वाकतो," नाना म्हणाले आणि चहा मागवला.

त्या दिवसापर्यंत कुठल्याही कागदावर मी अमक्याची पत्नी होते, नंतर अमक्याची विधवा. त्या पट्टीवर मी फक्त मी होते.

पंचाहत्तरी झाली, आता पुरे करा, असे नानांना सांगणाऱ्यांनी तो सल्ला स्वतःजवळ ठेवावा. त्यांना अजून पुष्कळ निरभ्र हिवाळे मिळोत. गुडघे, नजर आणि हट्ट शाबूत राहोत. अक्कांचा सहवास लाभो. आणि मंडळाने या लेखाखाली 'एक शिष्या' असे छापायचे ठरवले आहे, ते छापू नये. नानांना चालणार नाही. मलाही नाही.

— शोभा पाटील