कोट बांधणाऱ्यांची नावं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेला गुडघे टेकतो तेव्हाही मी या गोष्टीच्या कडेकडेने जातो — सगळी पापं एकत्र बांधून पुढे ठेवतो, म्हणजे ही एक वेगळी काढून दाखवावी लागत नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी; रविवारच्या सूचनाही मीच वाचतो. नोकरी हिशेबखात्यातली, त्यामुळे उपासना चालू असतानाही मी डोकी मोजतो. उज्जीवन सभा, म्हणजे विझत चाललेली श्रद्धा पुन्हा पेटवायच्या सभा, आमच्याकडे अधूनमधून होतात. बाहेरचे वक्ते येतात, लोक रडतात, पुढे जाऊन वचन देतात, आणि थोड्याच दिवसांत बाकं पुन्हा रिकामी. मला त्याची सवय होती.

त्या वर्षी मात्र तसं झालं नाही. सभा संपल्या आणि लोक बुधवारी संध्याकाळी एकमेकांच्या घरी जमू लागले. कधी जेलरोडला, कधी देवळाली कॅम्पात कुणाच्या एका खोलीत, चपला पार जिन्यापर्यंत. पुढचं घर ठरलेलं नसायचं. शेवटच्या आमेननंतर कुणीतरी म्हणायचं, आता आमच्याकडे या. जमिनीच्या वादात बोलणं सोडलेले दोघे भाऊ एका सतरंजीवर बसले. पावसाळा सरला, द्राक्षबागांच्या छाटण्या सुरू झाल्या, तरी हे चालूच.

आणि कुणामुळे? रत्नाकरमुळे.

रत्नाकर माझ्या शाळेच्या बाकावरचा मित्र. दिंडोरीकडून द्राक्षं आणणारा टेम्पो चालवतो. नाताळखेरीज चर्चमध्ये न दिसणारा माणूस — आणि त्या सभांनंतर तो प्रार्थना करू लागला. त्याची बायको मार्था शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायची, मग हा डोळे मिटून बोलायचा. भाषा साधी, टेम्पोच्या केबिनमध्ये शेजारच्याशी बोलावं तशी. लोकांचे हुंदके फुटायचे. मी इतकी वर्षं प्रार्थना करतोय, माझ्या प्रार्थनेत कुणी खोकल्याशिवाय दुसरा आवाज केलेला नाही.

हेवा एवढ्यावरच थांबला असता का? माहीत नाही. सुनंदाचं, माझ्या बायकोचं, ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी तिने रत्नाकरला दवाखान्यात बोलावून घेतलं. मी तिथेच होतो की! तो गेल्यावर मी विचारलं, मी प्रार्थना केली असती तर चाललं नसतं? ती हसली. म्हणाली, "अहो, तुम्ही प्रार्थना करता ना, ती रविवारच्या सूचना वाचल्यासारखी वाटते."

तिने थट्टा केली होती. माझ्या मात्र ते आत जाऊन बसलं.

आता मला जे ठाऊक होतं ते सांगतो. रत्नाकरला वाचता येत नाही — म्हणजे अक्षरं कळतात, पण ओळ समोर आली की त्याच्या डोळ्यांपुढे ती हलते. शाळेत मी त्याला धडा वाचून दाखवायचो, तो पाठ करायचा आणि गुरुजींपुढे पुस्तक धरून म्हणायचा. मार्था आणि मी, एवढ्यांनाच हे माहीत.

कमिटीत मी ठराव मांडला. हे उज्जीवन टिकवायचं तर त्याला शिस्त हवी. बुधवारची सभा चर्चच्या हॉलमध्ये घ्यावी, माइक असावा, आणि आपल्याकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे जो सभा चालवेल त्यानेच शास्त्रपाठ वाचावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांनी माझं कौतुक केलं. पहिल्या सभेसाठी मी रत्नाकरचं नाव सुचवलं, आणि अध्यायही मीच निवडला — यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधणाऱ्यांच्या नावांचा. विषयाला किती शोभणारा! आणि ओळीओळीला असली नावं, जी मलाही आधी पुटपुटून पाहावी लागतात.

रविवारी उपासनेनंतर रत्नाकरने मला फाटकापाशी गाठलं. आवाज खाली घेऊन म्हणाला, "अरुण, तुला तर माहितीये ना रे."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रभू बळ देईल," म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात हजारदा बोललो असेन. त्या दिवशी मी त्याचा दगड केला.

बुधवारी हॉल भरला होता. रत्नाकर माइकसमोर उभा राहिला. पहिलं नाव निघालं. दुसऱ्यावर तो अडला, मागे आला, पुन्हा अडला. पाठ करून आला असावा, पण मधेच धागा सुटला. मागच्या बाकावर गायनमंडळातल्या मुली फिसकन हसल्या. त्यांना काय ठाऊक? मार्था उठली, त्याच्या हातातलं शास्त्र घ्यायला निघाली. आणि मी, पहिल्या रांगेतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, बसा. त्यांना वाचू द्या."

ती बसली. तिने माझ्याकडे पाहिलं — तिला कळलं होतं. रत्नाकरने पुस्तक मिटलं. प्रार्थना करायला डोळे मिटले, पण त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. माइकमधून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तो खाली उतरला आणि दाराबाहेर गेला.

पुढे तो आला नाही. सभा मात्र शिस्तीत चालली. नाताळपर्यंत हॉलमध्ये पाळकसाहेब, मी आणि दोन म्हाताऱ्या उरलो. ते दोघे भाऊ पुन्हा वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले.

मागच्या महिन्यात नव्या पाळकसाहेबांनी कमिटीत विचारलं, तुमच्याकडे एवढं मोठं उज्जीवन झालं होतं म्हणतात, ते टिकलं का नाही? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, लोकांचा उत्साह टिकत नाही. त्यांनी मान हलवली. गप्प राहता आलं नसतं का मला?

रत्नाकर आजही दर रविवारी मार्थाला सोडायला येतो आणि रस्त्यापलीकडे टेम्पोत बसून राहतो. उपासना सुटली की काही बायका आधी तिकडे जातात. तो खाली उतरतो, रस्त्याच्या कडेलाच डोळे मिटतो, त्यांच्यासाठी दोन शब्द बोलतो. मी चर्चच्या दारात हस्तांदोलनाला उभा असतो. तिथून मला सगळं दिसतं. पहिल्यांदा मनात येते ती लाज असायला हवी.

येतो तो हेवाच.