हाडाचा रंगारी

शिडीमामा हाडाचा रंगारी, असं सगळे म्हणायचे. मामी म्हणायची, "हाडाचे ना, म्हणून तर एकेक हाड कामावर ठेवून येतात." नडगी मोडली ती शाळेची भिंत रंगवताना. बरगड्या गेल्या कुणाच्या तरी जिन्यात. तेव्हा त्याला हसलं की कळ यायची, आणि येणाराजाणारा मेला मुद्दाम विनोद सांगायचा. माकडहाडाला मार बसला ती हकिकत मामा चारचौघांत सांगत नसे. मामी तिखटमीठ लावून सांगे.

या खेपेला छत रंगवताना पाय निसटला आणि गळ्याखालचं आडवं हाड मोडलं, हासळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात झोळीतच ठेवा. सारखा हलवलात तर हाड वाकडं जुळेल, मग हात खांद्याच्या वर जायचा नाही.

आणि लोक त्याला बोलवायचे ते छतांसाठीच. तरी मामीची पाठ वळली की झोळी खुंटीला.

"अहो, हात कुठंय?"

"पाठ खाजत होती गं."

"पाठ खाजते आणि हात खिडकीच्या गजाला?"

"गंज चढलाय, म्हटलं घासून ठेवू."

"गंज तुमच्या डोक्याला चढलाय. कवटी तेवढी धड राहिली, तीही रिकामी म्हणून."

शेवटी वैतागून तिनं सुईदोरा घेतला आणि त्याची बाही पोटाशी सदऱ्यालाच शिवून टाकली, दुहेरी दोऱ्यानं.

"अगं, मी काय गादी आहे?"

"गादी गप पडून राहते."

रोज उसवायचं, आंघोळ घालायची, पुन्हा शिवायचं. तोंडाचा पट्टा चालूच. जिभेला हाड नाही म्हणून ती तेवढी मोडायची राहिली.

हाड सरळ जुळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हात रोज थोडा थोडा वर न्या, नाहीतर खांदा आखडेल. तर हा बाबा हात पोटाशी धरून बसला. टाके उसवले, तरी हात तिथंच.

"राहू दे गं. पुन्हा कट्‌कन वाजलं तर?"

मामीनं कपाळावर हात मारला. इतके दिवस खाली ठेवा म्हणून घसा कोरडा केला, आता वर करा म्हणून करायचा. तोंड उघडणार, तोच तिला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. एवढी हाडं मोडली, पण हा माणूस घाबरलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

ती त्याच्या शेजारी आली. एक हात त्याच्या पाठीच्या फऱ्यावर ठेवला, दुसऱ्यानं कोपर धरलं आणि हळूहळू वर न्यायला लागली. तो कण्हला. कोपर खांद्याशी आलं, मग कानाशी. तिचा हात पुरेना, तशी ती चवड्यांवर उभी राहिली.

"झालं ना? सोड आता."

"थांबा जरा," मामी म्हणाली. "हात वर गेलेला बघू द्या."