दाढांची उंची

"माणूस किती का बदलेना, त्याचा जबडा बदलत नाही," असं बाबा एकदा म्हणाले होते. मुलीनं नव्या मशीनचा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा. म्हणाले आणि पुन्हा खाली मान घालून मेणात दात बसवू लागले. जणू निकाल लागला, आता सगळ्यांनी आपापल्या घरी जावं.

वाक्य खोटं होतं. दात गेले की जबड्याचं हाड झिजायला लागतं. गुपचूप झिजतं, दुखत नाही, खुपत नाही. मग एक दिवस चारचौघांत हसताना कवळी टाळूवरून सुटते आणि माणूस तोंडावर हात धरून पुन्हा माप द्यायला येतो. हे बाबांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या झिजेवर त्यांचा संसार झाला होता. पण मुलगी गप्प राहिली. बापाच्या टेबलापाशी उभं राहून बापाला खोटं पाडायचं नसतं, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्याला ती शहाणपण समजत होती.

बाबा कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्या मापाचे दात तयार होत. खोलीभर प्लास्टरची पांढरी भुकटी. खिडकीच्या गजांवर, रेडिओवर, बाबांच्या भुवयांत. भिंतीवरच्या फळीवर जुने साचे ओळीनं मांडलेले होते. गावातले निम्मे म्हातारे तिथं चेहऱ्याशिवाय दात विचकून बसलेले. त्यातले बरेच आता जिवंतही नव्हते. आई फळी झटकायला जायची तेव्हा म्हणायची, "अहो, मेलेल्यांची तोंडं तरी बंद करा."

"त्यांच्या बायकांना नाही जमलं, मला काय जमणार," बाबा म्हणायचे.

कामात बाबा वाघ होते. मेणात दात बसवायचे, मग तो सगळा ऐवज पितळी डबीत प्लास्टरमध्ये गाडायचा, मेण वितळवून टाकायचं, त्या जागी गुलाबी हिरडीचा मसाला दाबून भरायचा आणि डबी उकळायची. या दाबण्या-उकळण्यात दात जरासे वर सरकतात. केसभर. पण तोंडात केस आला तरी माणसाला दोरी वाटते. म्हणून डबी फोडली की मागच्या दाढा मोटरवर थोड्या घासून खाली आणायच्या. याला बाबा 'उंची उतरवणं' म्हणत. अंगठा दाढेवर, मोटरला एक स्पर्श. कवळी फिरवायची, दुसऱ्या बाजूला एक स्पर्श. हे करताना ते बातम्या ऐकायचे, आईशी भांडायचे, दारातून जाणाऱ्याला हाक मारायचे. बघत नसत. बघायची गरजच उरली नव्हती.

हे काम त्यांना त्यांच्या मामांनी शिकवलं होतं. मामा पायानं फिरवायच्या चाकावर घासायचे. भाच्यानं विजेची मोटर आणली तेव्हा मामांनी दुकानाची पायरी सोडली आणि मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले की, मोटरवरचे दात लावले की जेवणाला जळका वास येतो. बाबा ही गोष्ट मोठ्या रंगात सांगायचे. पाहुणे पोट धरून हसायचे. "काळाबरोबर चालायचं असतं हो," शेवटी बाबा म्हणायचे, "नाहीतर काळ काय, पुढं जातोच." तेव्हा ते तिशीत होते आणि काळ त्यांच्या बाजूचा होता.

मुलगी मोठ्या शहरात हेच काम शिकून, तिथल्या मोठ्या लॅबमध्ये काही वर्षं काढून परत आली. बाबांची पाठ वाकली होती, डोळ्यांना दिव्याचा त्रास व्हायला लागला होता. तिनं एका कंपनीकडून मशीन आणलं. वर्षअखेरपर्यंत चालवून बघायचं, नाही जमलं तर परत. डॉक्टर तोंडात छोटा कॅमेरा फिरवणार, माप कॉम्प्युटरवर येणार, मुलगी पडद्यावर दात बसवणार, आणि मशीन एका गुलाबी चकतीतून आणि एका पांढऱ्या चकतीतून अख्खी कवळी कोरून काढणार. मेण नाही, डबी नाही, उकळणं नाही. बाबांकडे उरलं शेवटचं घासून चकाकवणं.

"म्हणजे बूटपॉलिश," बाबा म्हणाले.

"बाबा, असं काय बोलता?"

"अगं, वाईट काय त्यात? प्रामाणिक धंदा आहे. उद्यापासून ब्रश घेऊन चौकात बसतो."

पण बसले टेबलाशीच. मशीन घुमायला लागलं की रेडिओचा आवाज वाढवायचे. मुलीला 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हणायचे. पॉलिशला आलेली कवळी दोन बोटांत, मेलेला उंदीर उचलावा तशी उचलायचे, आणि मग हात आपोआप मऊ व्हायचा. कितीही राग असला तरी वाईट काम त्यांच्या हातून होत नसे. हे मुलीला माहीत होतं. तिथंच तिचं चुकलं.

मग तक्रारी यायला लागल्या.

म्हातारी माणसं डॉक्टरांकडे जाऊन सांगायची, दिसायला झकास आहे, पण चावता येत नाही. पुढचे दात टेकतात, मागं नुसती पोकळी. मुलीनं पडद्यावरची प्रत्येक कवळी पुन्हा तपासली. सगळं ठीक. कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्यानं मशीन उघडून, मोजून, पुसून बंद केलं आणि सांगितलं, मशीनला काही झालेलं नाही, ताई. न बोललेलं त्याच्या तोंडावर होतं. मशीनला नाही, तर मग कुणाला?

बाबा खुलले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सकाळी शीळ घालत टेबलाशी आले. "मी काही बोलत नाही," असं म्हणून ते दिवसभर बोलायचे. जेवताना बोलायचे, फोनवर बोलायचे, शेजाऱ्याला कुंपणावरून सांगायचे की, तोंड ही काय कपाटाची फळी आहे का, कोरून बसवायला? मुलगी दात-ओठ खाऊन ऐकत राहायची. हळूहळू तिला वाटू लागलं की बाबांचं खरं असेल. आपल्याला हात नाही. आपण एक बटण दाबायला शिकलो आणि त्यालाच काम समजलो.

गावातलं सगळ्यात जास्त काम एका डॉक्टरीणबाईंकडून यायचं. त्या स्वतः आल्या. बाबा अंगणात होते, म्हणून मुलीला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्याबद्दल मला काही नाही गं. पण म्हातारी माणसं माझ्या दारात येऊन शिव्या देतात, आणि त्यासुद्धा त्यांना धड चावून देता येत नाहीत. आणखी एक तक्रार आली तर मला काम दुसरीकडे पाठवावं लागेल."

त्यांचं काम गेलं की मशीन जाणार. मशीन गेलं की बाबांच्या डोळ्यांवर ही खोली चार दिवस चालणार नाही, आणि मुलीनं शहरातली जागा सोडून टाकलेली. हे तिला कळत होतं. बाबांनाही कळत असणार. तरी ते शीळ घालत होते.

आईचे शेवटचे दात त्याच सुमारास काढले होते. जेवणाच्या टेबलावर बाबा म्हणाले, "हिची कवळी होऊन जाऊ दे मशीनवर. घरातच निकाल लागेल."

"माझ्या तोंडावर तुमची कुस्ती नको," आई म्हणाली.

"कुस्ती कसली? तुझी लेक एवढी शिकली, आईला दात देऊ शकत नाही?"

कवळी झाली. मुलीनं कोरली, बाबांनी पॉलिश केली, अगदी आरशासारखी. आईनं लावली, आरशात पाहिलं, लाजलीसुद्धा. दोघांनीही विचारलं, कशी आहे? आई म्हणाली, छान आहे, होईल सवय. त्या घरात इतकी वर्षं काढल्यावर एवढं उत्तर तिला तोंडपाठ होतं.

एका दुपारी मुलगी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. आई खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि चहात बुडवून मऊ केलेला पाव जिभेनं टाळूवर चेपून गिळत होती. लहान मूल चोरून खातं तशी.

"किती दिवस असं खातेस?"

"भूकच नसते गं हल्ली."

"आई, तोंड उघड."

दाढा नीट टेकतात का बघायचा निळा कागद असतो, पातळ. चावला की दातांवर डाग उमटतो. मुलीनं तो दोन्ही बाजूंना धरला. "चाव." आईनं चावलं. मुलीनं ओढला तर कागद सुळकन बाहेर आला. एकही डाग नाही. आणि दाढांच्या माथ्यावर, दोन्हीकडे, अगदी सारखा, चकचकीत सपाटपणा होता. तो पडद्यावर नव्हता. मशीनमधून बाहेर पडला तेव्हाही नव्हता.

कोरून झाल्यावर मुलगी प्रत्येक कवळी तपासायची. पॉलिशनंतर तिनं एकही तपासली नव्हती. बाबांच्या हाताखालून गेलेलं तपासायचं, हे तिच्या मनालाच शिवलं नव्हतं. मशीनवर संशय घेतला, कंपनीवर घेतला, स्वतःवर तर रोज घेतला.

तिनं आईच्या मापाच्या आणखी दोन कवळ्या कोरल्या. एक स्वतः पॉलिश करून दुसऱ्या दिवशी आईला लावली. आईनं कडक टोस्ट दाढेखाली घेतला. कुर्रकन आवाज झाला, आणि आईचे डोळे भरून आले. आनंदानं नव्हे. "त्यांना नको सांगू," ती म्हणाली. "मी हळूच बदलून घेईन. कुणाला कळायचं नाही."

"आणि बाकीच्यांचं काय, आई? डॉक्टरीणबाईंना काय सांगू?"

पण सांगून झालं होतं. तिनं घाईनं, सकाळीच डॉक्टरीणबाईंना फोन केला होता.

दुसरी, पॉलिश न केलेली कवळी तिनं बाबांच्या टेबलावर ठेवली. आई दारात येऊन उभी राहिली.

"ही कुणाची?"

"आईचीच. तिला मागं पोकळी लागतेय. दाढा घासल्यासारख्या वाटतात. तुम्ही घासता का, बाबा?"

"मी?" बाबा हसले. मोटर चालू केली, कवळी हातात घेतली. "आता माझ्यावर आलं का? उत्तम. मशीन चुकेना, कॉम्प्युटर चुकेना, म्हातारा चुकतो."

"मी नुसतं विचारतेय."

"तू नुसतं विचारायला मशीन आणलंस?" हिरडीची कड ब्रशवर फिरू लागली, गुलाबी चमक येऊ लागली. "दाढांना मी कशाला हात लावू? ती उंची तुमची, माप तुमचं. मला काय वेड लागलंय? उंची उतरवायची ती डबीतून निघालेल्या कवळीची. इथं डबी कुठं आहे? एवढं मला कळत नाही होय? सबंध आयुष्य—"

"अहो," आई दारातून म्हणाली. "हात बघा."

बाबांनी खाली पाहिलं. ब्रश बाजूला पडला होता. मोटरवर घासायचा दगड चढलेला होता. तो कधी चढवला, त्यांना माहीत नव्हतं. अंगठा दाढेवर होता. उजवी बाजू झाली होती. कवळी हातात फिरलेली होती, डावी बाजू दगडापासून बोटभर लांब, आणि हात पुढं निघालेला होता. एप्रनवर पांढरी चिमूटभर पूड.

मोटर फिरत राहिली. मुलीला वाटलं होतं या क्षणी तिला सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. एखाद्याचं झोपेतलं बोलणं चोरून ऐकावं आणि मग ते त्याला वाचून दाखवावं, तसं काहीतरी आपण केलं, एवढंच तिला जाणवलं.

"बाबा," ती म्हणाली, "ही सवय मोडते. मी बसते तुमच्याजवळ. पडद्यावर दात बसवायलाही शिकवते. दातांसाठी माणसाचा चेहरा तुमच्यासारखा कुणाला वाचता येतो? मला नाही येत. खरंच सांगते."

बाबांनी त्यातलं काही ऐकलं की नाही, कळलं नाही. ते अंगठ्याकडे बघत होते, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"डॉक्टरीणबाईंना काय कळवलंस?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. आई दारातून तिच्याकडे बघत होती, बोल खोटं, असंच नजरेनं म्हणत होती.

"दोष मशीनचा नव्हता म्हणून कळवलं."

"मग कुणाचा?"

"बाबा..."

"माझं नाव घेतलंस?"

"घ्यावं लागलं. त्या काम काढून घेणार होत्या."

बाबांनी मोटर बंद केली. खोलीत अचानक इतकी शांतता झाली की, मागच्या खोलीतल्या मशीनचा पंखा ऐकू येऊ लागला. त्यांनी कवळी टेबलावर ठेवली, दाढा वर करून. खुर्चीच्या पाठीला हात टेकून उठले. आई दारातून बाजूला झाली नाही. तेव्हा ते क्षणभर थांबले, तिच्या तोंडाकडे, नव्या दातांकडे पाहिलं, आणि तिच्या खांद्याजवळून वाट काढून, एप्रन तसाच अंगावर ठेवून रस्त्यावर गेले.