फादर सिरिल यांनी न दिलेला आदेश

फादर सिरिल भालेराव यांची आणि माझी पहिली भेट शहराच्या छावणी भागातल्या चर्चमागच्या छोट्या वर्गात झाली. तिथे ते नीतिशास्त्र शिकवत आणि आम्हा परिचारिकांसाठी शनिवारी दुपारी वेगळा तास घेत. आमच्यात ख्रिस्ती मोजक्याच. बौद्ध, मुस्लिम, हिंदू मुली अधिक. पहिल्याच तासाला सिल्लोडच्या शबानाने विचारलं, "फादर, तुमच्या धर्मातलं हे आम्हाला कसं लागू होणार?"

"पेशंटला फसवू नये, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"ते तर कळतंच की."

"त्या कळण्यालाच आम्ही नैसर्गिक नीतिनियम म्हणतो. देवाने तो सगळ्यांच्या मनात ठेवला आहे. त्यासाठी चर्चची पायरी चढावी लागत नाही."

फादरांच्या विद्वत्तेविषयी या गौरवग्रंथात अनेकजण लिहितील. मी माझ्या घरातली एक गोष्ट सांगते.

माझा धाकटा भाऊ संजय फुलंब्रीला शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आईला मधुमेह, त्यामुळे तिची चालणार नव्हती. माझी जुळली. माझी मुलगी तेव्हा लहान होती, आणि ऑपरेशननंतर काय काय बिघडू शकतं, हे मी वॉर्डात रोज पाहत होते. मी घाबरले आणि नाही म्हटलं.

थोरले काका आईला घेऊन थेट फादरांकडे गेले. मलाही बोलावून घेतलं.

"फादर, पोरगी तुमचा शब्द मोडत नाय," काका म्हणाले. "तुम्ही सांगितलं तर देईल ती."

"म्हणूनच मी सांगणार नाही."

काका लई चिडले. "दर रविवारी तुम्हीच त्यागाचं सांगता ना?"

"सांगतो. पण माझ्या धाकाने दिलं तर ते दान कसलं? तिच्या शरीरावर माझा हुकूम चालत नाही."

काका उठून गेले. त्यांनी चर्चला येणंही बंद केलं. फादर मला म्हणाले, "भीतीही थांब म्हणते, विवेकही थांब म्हणतो. तुला कोण थांबवतंय, ते सावकाश शोध. उत्तर काहीही आलं तरी इथे येत जा."

त्यानंतर डायलिसिसच्या दिवशी फादर स्वतः गाडी घेऊन फुलंब्रीला जाऊ लागले. सत्तरीच्या उंबरठ्यावरचे फादर संजयला शहरात आणत आणि परत सोडत. एकदा वाटेत संजयने कडवटपणे विचारलं, "फादर, मी मेलो तर तुम्हाला चालंल का?"

फादरांनी गाडी बाजूला घेतली. "नाही चालणार. म्हणून तर मी येतो. माझ्याकडून होईल ते मी करीन. ताईचं ताईला ठरवू दे."

त्या रात्री संजयचा फोन आला. त्याने हे सगळं सांगितलं आणि म्हणाला, "ताई, तू भिऊ नको. मी रागावलेलो नाय." मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्याने भाचीची चौकशी केली. मी फोन ठेवला आणि खूप रडले. भीती तशीच होती, पण आता निर्णय तिच्या हातात नव्हता.

मी फादरांना सांगायला गेले, की मला किडनी द्यायची आहे. मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी विचारलं, "कोणी भरीला घातलं?"

"कोणीच नाही."

"मग आठवडाभर नेहमीसारखी राहा. त्यानंतरही हेच मनात असेल तर दे."

आठवड्यानंतरही तेच मनात होतं. ऑपरेशनच्या सकाळी मला स्वतःचंच नवल वाटलं, मी चक्क आनंदात होते. चांगलं ते मनापासून करावंसं वाटू लागलं की माणूस सुखी होतो, असं फादर वर्गात सांगत. तेव्हा मी ते नुसतं उतरवून घेतलं होतं.

संजय आज पुन्हा वर्गावर उभा असतो. मी ठणठणीत आहे. काकाही चर्चला येतात आणि फादरांशी वाद घालतात. फादरांना ते मनापासून आवडतं.

पंचाहत्तरीनिमित्त आम्हा सर्वांच्या वतीने मी फादरांना वंदन करते. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि सगळे एका बाजूला असताना ज्यांना एकट्याने 'नाही' म्हणावं लागतं, अशा माणसांना त्यांचं दार पुढची कितीतरी वर्षं उघडं सापडो.